गोषवाऱ्याची बखर

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस प्रत्येक घरात एक यादी होते. रवा, मैदा, भाजणी, तूप, पोहे, उटणे, पणत्या, मुलांचे कपडे. यादी करणारे माणूस एक असते आणि "एकूण किती झाले?" असे विचारणारे दुसरे. यादीला चाळीस ओळी असोत की साठ, विचारणाऱ्याला हवा असतो एकच आकडा. फार तर किराण्याचे किती, कापडाचे किती आणि फटाक्यांचे किती अशा तीन पोटबेरजा. या तळच्या आकड्यांच्या कागदाला आपल्या कचेऱ्यांत गोषवारा म्हणतात. आम्ही संगणकाच्या धंद्यातले लोक त्याला रिपोर्ट म्हणतो. मी जवळजवळ पस्तीस वर्षे पोटासाठी हेच केले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या याद्यांच्या खाली बेरजा मारल्या.

संगणकाचा इतिहास लिहिणारे यंत्राच्या वेगाविषयी लिहितात, त्याच्या स्मरणशक्तीविषयी लिहितात. रिपोर्टाकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक ज्या मालकाने यंत्राचे पैसे मोजले त्याने ते यंत्र पुष्कळदा डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. त्याच्या ओळखीचा असतो तो सकाळी टेबलावर येऊन पडलेला कागद. तेव्हा या उपेक्षित कागदाची थोडी बखर सांगावी असे मनात आहे. तिच्या मध्यावर माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती वगळून बखर सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हिशेब लिहिण्याचे ठिकाण एक आणि त्याचा गोषवारा काढण्याचे ठिकाण दुसरे, ही व्यवस्था आपल्याला अपरिचित नाही. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात 'एकबेरीज' नावाचे एक दफ्तर पुण्यास असे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे येत आणि त्यांवरून राज्याच्या जमेचा, खर्चाचा व शिलकेचा मेळ घालण्यात येई. तेथे 'तर्जुमे' म्हणून जे कागद तयार होत, त्यांत कित्येक वर्षांच्या जमाखर्चाची हकीकत एकेका तावावर मावेल अशी मांडलेली असे. 'एकबेरीज' हे नाव मला फार आवडते. आमच्या धंद्याला इतके नेमके नाव नंतर कोणी दिले नाही.

यंत्राने बेरीज मारण्याची खरी हकीकत मात्र अमेरिकेत सुरू होते. तेथे १८८० साली शिरगणती झाली आणि तिचे तक्ते पुरे करता करता सात-आठ वर्षे निघून गेली. पुढची शिरगणती दारात उभी आणि मागचीच मोजून झालेली नाही, असा तो प्रकार. हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण अभियंता त्या कामावर होता. शिरगणतीच्या खात्यातले डॉ. बिलिंग्ज यांनी बोलता बोलता त्याला सुचवले, की असली मोजदाद यंत्राने व्हायला पाहिजे. हॉलरिथने प्रत्येक माणसाचे एक पुठ्ठ्याचे कार्ड केले. पुरुष असेल तर अमुक ठिकाणी भोक, स्त्री असेल तर तमुक ठिकाणी. वय, जन्मस्थान, धंदा, सगळी भोकेच. हे कार्ड एका दाबयंत्राखाली ठेवायचे आणि दांडा खाली ओढायचा. वरून सुया उतरत. जेथे भोक असेल तेथून सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचा प्रवाह पुरा होई आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरके.

पण मला या यंत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती निराळीच. कार्ड नीट वाचले गेले, की एक घंटा वाजे. कार्डात काही खोट असेल, भोक पाडायचे राहिले असेल, तर घंटा वाजत नसे. आणि चालवणारी व्यक्ती ते कार्ड बाजूला काढून ठेवी. म्हणजे मोजले गेलेले प्रत्येक माणूस आवाज करून पुढे जाई आणि जो मोजला गेला नाही, तो त्या न वाजलेल्या घंटेमुळे ध्यानात येई. १८९० च्या शिरगणतीत असे ६ कोटी २६ लक्ष २२ हजार २५० लोक मोजले गेले. त्या दालनात दिवसभर केवढा घणघणाट चालत असेल! वाचकांनी ही घंटा लक्षात ठेवावी; मला तिच्याकडे परत यायचे आहे.

पहिली यंत्रे नुसती मोजत. पुढे ती बेरीज करू लागली आणि त्यानंतर छापूही लागली. परंतु एक अडचण राहिली. आज मालाचा गोषवारा हवा, उद्या पगाराचा, परवा थकबाकीचा. दर वेळी यंत्राच्या पोटातल्या तारा उखडून पुन्हा जोडायच्या की काय? हॉलरिथनेच यावर तोड काढली. १९०६ च्या सुमारास त्याच्या यंत्राला तारा खोचण्याचा पट आला. टेलिफोनच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये जसे भोकाभोकांचे फलक असत, तसा हा फलक. कार्डाच्या या रकान्यातला आकडा त्या बेरजेच्या चाकाकडे न्यायचा, की एक तार येथून तेथे खोचायची. पुढे हा फलक यंत्रातून अखंड बाहेर काढता येऊ लागला आणि मग प्रत्येक रिपोर्टाचा स्वतंत्र फलक तयार करून ठेवण्याची वहिवाट पडली. कचेरीत कपाटेच्या कपाटे भरून असे फलक असत. पगाराचा फलक, साठ्याचा फलक. तारांचे ते जंजाळ पाहून परक्या माणसाला कडबोळ्यांचे ताट आठवावे!

या यंत्रांतले फार नावाजलेले यंत्र म्हणजे आय.बी.एम. कंपनीने १९४९ साली काढलेले ४०७. त्याला १२० छापचाके होती आणि मिनिटाला दीडशे ओळी ते छापी. त्याची युक्ती जरा सविस्तर सांगतो, कारण आजही जगातला प्रत्येक रिपोर्ट त्याच युक्तीवर चालतो. समजा, गावांच्या थकबाकीची कार्डे आहेत. आधी ती तालुकावार लावून घ्यायची. यंत्र एक कार्ड वाची तेव्हा मागून येणाऱ्या कार्डाकडेही त्याचे लक्ष असे. दोहोंवरचा तालुका तोच आहे ना? तोच असेल तर ओळ छापायची आणि रक्कम बेरजेत टाकायची. तालुका बदलला रे बदलला, की यंत्राने थांबायचे, साठलेली बेरीज छापायची, चाक शून्यावर आणायचे आणि मग पुढच्या तालुक्याला हात घालायचा. तालुक्याची पोटबेरीज, तिच्यावर जिल्ह्याची, शेवटी सगळ्यांची. किराण्याचे किती, कापडाचे किती आणि एकूण किती, हाच तो गृहिणीचा हिशेब. फरक इतकाच, की गृहिणीला दुकान बदलल्याचे डोळ्यांनी दिसते आणि यंत्राला दोन कार्डे ताडून पाहावी लागतात. यातून एक गोष्ट उघड होते: कार्डे आधी नीट लावलेली नसतील तर यंत्र बिनतक्रार चुकीच्या बेरजा छापीत सुटेल. त्याला तालुका म्हणजे काय हे कोठे ठाऊक आहे?

१९५९ च्या ऑक्टोबरात १४०१ हा संगणक जाहीर झाला. त्याचा छापखाना मिनिटाला सहाशे ओळी काढी. यंत्र उत्तम, परंतु ज्या हजारो कचेऱ्यांत फलक आणि तारा यांवर हात बसलेली माणसे होती, त्यांनी एकाएकी संगणकाची भाषा शिकावी कशी? तेव्हा आय.बी.एम.ने 'रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर' म्हणजे आर.पी.जी. नावाची सोय काढली. ठरावीक रकान्यांचे छापील तक्ते घ्यायचे. कार्डाच्या कोणत्या रकान्यात काय आहे, कशाची बेरीज हवी, कागदावर काय कोठे छापायचे एवढेच भरून द्यायचे. कार्ड वाचणे, ताडून पाहणे, गट बदलला की पोटबेरीज छापणे हे चक्र आर.पी.जी.च्या अंगातच होते. थोडक्यात, जुन्या यंत्राचे सगळे वळण त्याने नव्या यंत्राच्या अंगी उतरवले. लाकडी घर पाडून दगडी बांधावे आणि दगडावरही लाकडाच्या तुळयांचीच नक्षी कोरावी, तसे हे काम.

याच सुमारास इतरत्रही याच दिशेने विचार चालला होता. हॅनफर्ड येथील अणुभट्ट्यांच्या कारखान्यातल्या मंडळींनी दर रिपोर्टासाठी नवा प्रोग्रॅम लिहिण्याचा कंटाळा येऊन, एकदाच लिहून पुष्कळ रिपोर्टांना पुरेल असा एक सर्वसाधारण प्रोग्रॅम केला. कोबोल या भाषेतही रिपोर्ट मांडण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आले. १९६७ साली इन्फॉरमॅटिक्स कंपनीचे 'मार्क फोर' निघाले. त्याची किंमत तीस हजार डॉलर. त्या काळी यंत्र घेतले की प्रोग्रॅम बरोबर फुकट मिळत, दुधाबरोबर पाणी मिळावे तसे; आणि नुसत्या प्रोग्रॅमला असला पैसा कोण देणार, असे शहाण्यांना वाटे. लोकांनी दिला. ज्याच्यासाठी लोकांनी पहिल्यांदा मोठाल्या रकमा मोजल्या, तो प्रोग्रॅम गोषवारे काढणारा होता, याचा मला आमच्या ज्ञातीच्या वतीने थोडा अभिमान वाटतो.

मी या धंद्यात शिरलो १९७५ साली, मुंबईच्या एका कचेरीत. पश्चिमेकडे १४०१ चे वय होऊन गेले होते, पण आपल्याकडे अशी वापरलेली यंत्रे दुरुस्त करून चालवीत असत. आय.बी.एम. १९७८ साली भारतातून गेली, त्यानंतर निरनिराळ्या जातींची यंत्रे आली. प्रत्येक यंत्राची लिपी निराळी, फाइल ठेवण्याची तऱ्हा निराळी. आमच्या भाषेत याला प्लॅटफॉर्म निराळा असणे म्हणतात. २०२३ च्या डिसेंबरापूर्वी दादर स्थानकावर ज्यांनी चुकामूक अनुभवली असेल, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. तेथे एक नंबरचा प्लॅटफॉर्म पश्चिम रेल्वेलाही होता आणि मध्य रेल्वेलाही. "एक नंबरवर भेटू," असे ठरवून दोन माणसे दोन एक नंबरांवर तासभर उभी राहात. आमचे रिपोर्ट तसेच उभे राहात. पगाराचा हिशेब एका यंत्रावर, मालाचा दुसऱ्यावर, आणि साहेबांना दोहोंचा मिळून एक गोषवारा हवा!

१९८० नंतर टेबलावर मावणारे संगणक आले आणि त्यांच्याबरोबर हिशेबाचे तयार प्रोग्रॅम आले. तयार कपड्यांसारखेच ते. सर्वांना थोडे थोडे बसत, नीट कोणालाच बसत नसत. रिपोर्टही तयारच. प्रोग्रॅमच्या कर्त्याने पंधरा रिपोर्ट दिले असतील तर पंधराच; सोळावा हवा असेल तर त्याच्या विनवण्या करायच्या. कॅनडातील व्हँकुव्हर येथे क्रिस्टल सर्व्हिसेस नावाची एक लहानशी मंडळी अशाच एका हिशेबाच्या प्रोग्रॅमला पूरक जोडकामे करून देत असे. त्या प्रोग्रॅमचे नाव ॲकपॅक. त्यांना त्याच्यासाठी रिपोर्ट काढणारे चांगले हत्यार बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच केले. आधी त्याचे नाव होते 'क्विक रिपोर्ट्स', पुढे झाले 'क्रिस्टल रिपोर्ट्स'.

या हत्याराची मौज अशी, की ते दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या आत हात घालीत नसे. त्याला प्रोग्रॅमशी कर्तव्य नव्हते. फक्त प्रोग्रॅमने जेथे नोंदी साठवल्या असतील ती जागा दाखवायची. पडद्यावर कोऱ्या कागदाचे चित्र येई आणि त्यावर आडवे पट्टे असत. वरचा पट्टा मथळ्याचा, मग गटाच्या नावाचा, मधला एकेका ओळीचा, त्याखाली पोटबेरजेचा, तळाशी पानाच्या आकड्याचा. ज्या पट्ट्यात जे हवे ते उचलून ठेवायचे. चाळीस वर्षांपूर्वीचे ४०७ यंत्र, त्याच्या तारा आणि त्याच्या पोटबेरजा त्या पट्ट्यांत जशाच्या तशा होत्या. मला तर पहिल्या दिवशीच जुना शेजारी भेटल्यासारखे झाले.

१९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओ.डी.बी.सी. नावाचा एक दुवा काढला. परगावी गेल्यावर तेथल्या विजेच्या भोकात आपली पिन बसत नाही, म्हणून आपण मध्ये एक जोड लावतो. हा दुवा तसाच. नोंदी कोणत्याही कंपनीच्या कोठारात असोत, त्या कोठाराचा जोड बसवला की एकच हत्यार सगळीकडे चाले. त्या सुमारास व्हिज्युअल बेसिक नावाच्या, खिडक्यांचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाबरोबर क्रिस्टलही मिळू लागले. मग काय विचारता! गावोगावचे प्रोग्रॅमर आपापल्या प्रोग्रॅमला रिपोर्टाचे इंजिन जोडू लागले. दवाखाने, पतपेढ्या, साखर कारखाने, शाळा. ज्या गोषवाऱ्यासाठी पूर्वी महिनाभर तिष्ठत बसावे लागे, तो दुपारच्या चहापूर्वी हातात पडू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. प्रश्न विचारण्याचा अधिकार यंत्रखोलीतून टेबलापर्यंत आला होता.

आता माझी चूक.

तेव्हा मी एका मध्यम आकाराच्या संस्थेत होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. मी जे हत्यार वापरले त्याचेही सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. सेवकवर्गाच्या नोंदी जुन्या प्रोग्रॅममध्ये होत्या आणि दिवाळीच्या बोनसची यादी आजवर हाताने होई. ती मी नव्या हत्याराने काढायची ठरवली. एका कोठारात माणसांची नावे आणि त्यांच्या विभागाचा क्रमांक. दुसऱ्या कोठारात विभागाचा क्रमांक आणि विभागाचे नाव. पडद्यावर दोहोंमध्ये एक रेघ ओढायची, की जोड झाली. अर्ध्या तासात यादी तयार. विभागवार पोटबेरजा, सुबक मथळे, तळाशी एकूण रक्कम. साहेब खूश झाले. सही झाली, त्या आकड्याप्रमाणे बँकेतून रोकड आली आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी वाटप सुरू झाले.

चारच्या सुमारास रोखपाल माझ्या खोलीत आले. त्यांना सगळी कचेरी भाऊ म्हणे. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती त्यांची.

"काय हो, यादीतल्या ओळी मोजल्यात का तुम्ही?" त्यांनी विचारले.

"भाऊ, बेरीज यंत्राने केली आहे. पै न् पै जुळते."

"बेरीज जुळते हो. ती जुळणारच. मी ओळी विचारतोय. माणसं चारशे बारा आहेत. ओळी तीनशे पंच्याण्णव."

मी त्यांच्याबरोबर बाहेर आलो. रोखविभागासमोरच्या बाकावर आणि बाकाखालच्या पायरीवर सतरा माणसे बसली होती. संस्थेचे उपाहारगृह त्याच वर्षी बंद झाले होते आणि तेथल्या माणसांना इकडेतिकडे झाडलोटीच्या, पहाऱ्याच्या कामावर घेतले होते. कोणी तरी व्यवस्थितपणे विभागांच्या कोठारातून 'उपाहारगृह' ही नोंद काढून टाकली होती. या सतरांच्या नावापुढे मात्र जुनाच क्रमांक राहिला होता. मी ओढलेली ती रेघ दोन्हीकडे जुळणाऱ्याच नोंदी उचले. ज्यांचा विभाग दुसऱ्या कोठारात सापडला नाही, त्यांना तिने गाळले. चूक म्हणून कोठे काही उमटले नाही. तळाची बेरीज छापलेल्या ओळींचीच असल्यामुळे ती चोख जुळत होती.

त्यांच्यातल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. भाऊंना म्हणाल्या, "माझं नाव काढलं का हो? आधी सांगितलं असतं तर…" त्यांना वाटले होते, की आपली नोकरी गेली आणि ती बातमी अशी यादीतून कळते आहे. बोनस मिळाला नाही याविषयी त्या काही बोलल्याच नाहीत.

"नाव कुठं जातंय बाई," भाऊ म्हणाले. "कागदावर आलं नाही, एवढंच."

मी खोलीत जाऊन त्या रेघेचा प्रकार बदलला. डावीकडच्या सगळ्या नोंदी घे, उजवीकडे जोडीदार सापडो न सापडो, असे सांगण्याची सोय त्यात होती, पहिल्यापासूनच होती. दोन मिनिटांचे काम. नवी यादी आली. तिच्या शेवटच्या पानावर विभागाच्या नावाची जागा कोरी आणि त्या कोऱ्या मथळ्याखाली सतरा नावे. पण रोकड जुन्या आकड्याप्रमाणे आलेली होती आणि बँकेची वेळ टळली होती. पुढे सुट्या. भाऊंनी किरकोळ शिलकेतून प्रत्येकाला शंभर-शंभर रुपयांची उचल दिली. उरलेले भाऊबीज उलटून गेल्यावर मिळाले. त्या वर्षी घरी चकलीचे पहिले घाणे निघत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आणि बायकोने दोनदा विचारूनही तिला काय झाले ते सांगू शकलो नाही.

हॉलरिथच्या यंत्राची हकीकत मी त्या आधीही वाचलेली होती. त्या घंटेचा अर्थ मला त्या दिवाळीत कळला. १८९० साली न मोजलेले कार्ड शांततेने ओळखू येई, कारण मोजलेले प्रत्येक कार्ड वाजत होते. शंभर वर्षांत आम्ही मोजलेलेही मुके केले आणि गळलेलेही.

त्या पुढची बखर थोडक्यात आटोपतो. १९९५ साली जावा ही भाषा आली. एकदा लिहावे आणि कोणत्याही यंत्रावर चालावे, अशी तिची प्रतिज्ञा होती. २००१ साली रुमानियातील तेओदोर दान्चू याने त्या भाषेत जॅस्परिपोर्ट्स हे इंजिन सुरू केले. ते कोणालाही फुकट घेता येई आणि उघडून पाहताही येई. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या कोठाराबरोबर चालणारी रिपोर्टाची सेवा काढली आणि त्याच वर्षी बर्ट नावाचे आणखी एक मुक्त इंजिन आकाराला येऊ लागले. क्रिस्टलचे मालक बदलत गेले; १९९४ साली सीगेट, २००३ साली बिझनेस ऑब्जेक्ट्स, मग सॅप. पट्टे सर्वत्र तेच राहिले. बदलले ते एवढेच, की कागदाऐवजी पी.डी.एफ. निघू लागली आणि रिपोर्ट कोणत्या गावच्या यंत्रावर तयार होतो हे काढणाऱ्यालाही ठाऊक असेनासे झाले.

मराठी रिपोर्टाची कथा मात्र या सर्वांहून निराळी आणि जरा रडकथाच. 'किसन' लिहिताना संगणक आधी क साठवतो आणि मग वेलांटी. छापताना मात्र पहिली वेलांटी क च्या आधी काढायला हवी. पडद्याला हे कळे. पी.डी.एफ. करणाऱ्या पुष्कळ इंजिनांना कित्येक वर्षे कळत नसे. ती साठवल्या क्रमाने अक्षरे काढीत, आणि वेलांटी क च्या पलीकडे स च्या डोक्यावर जाऊन बसे. जोडाक्षरांचे पाय मोडून खाली हलन्त लोंबत. विठ्ठल, कृष्णाजी, लक्ष्मी, कोणाचीही गय नव्हती. मी पाहिलेल्या एका यादीत तर संपूर्ण गावाची नावे अशी झाली होती, की मृतांची यादी असावी तशी भेसूर दिसे. आम्ही मग जुन्या बिनयुनिकोड ठशांचा आश्रय घेत असू. त्यांत छपाई सुंदर येई, पण नाव शोधू जाता सापडत नसे. छापलेले वाचता येते ते शोधता येत नाही आणि शोधता येते ते वाचवत नाही, असा तो दहा-बारा वर्षांचा पेच होता.

त्या बोनसच्या दिवाळीनंतर मी जो जो रिपोर्ट केला, त्याच्या तळाशी दोन ओळी घातल्या: 'मूळ यादीतील नोंदी' आणि 'छापलेल्या ओळी'. पहिला आकडा रिपोर्टाच्या रेघांतून न येता थेट माणसांच्या कोठारातून स्वतंत्र मोजून यायचा, नाही तर त्याला अर्थ नव्हता. व्हिज्युअल बेसिकमध्ये संगणकाकडून एक बारीक आवाज काढवून घेण्याचा एका शब्दाचा हुकूम होता. दोन आकडे जुळले नाहीत, की तो तीनदा वाजे आणि छपाई थांबे. कचेरीतली पोरे त्याला काकांची घंटा म्हणत. वर्षातून चार-सहा वेळा ती वाजे. भाऊ निवृत्त होईपर्यंत, ती वाजली की आपल्या खिडकीतून मान वर करून माझ्या खोलीकडे पाहात.

मी २०१० साली निवृत्त झालो. पुढे तो प्रोग्रॅम मोडीत निघाला आणि नवा आला. त्याचे यंत्र भलत्याच शहरात होते आणि तेथे आवाज काढून उपयोग तरी काय? काही वर्षांपूर्वी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी कचेरीत गेलो होतो. ते काम पाहणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने यादी काढली, तेव्हा पडद्याच्या वरच्या कडेला एक तांबडी पट्टी आली. मी विचारले, हे काय आहे.

"अहो आजोबा, जुन्या सिस्टीममधून आलंय ते. कोणी घातलं माहीत नाही. आकडा जुळेपर्यंत प्रिंट देत नाही," ती म्हणाली, आणि कोणती नोंद राहिली ते शोधू लागली.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पट्टीवर माझेच शब्द होते: 'ओळी कमी आहेत.'